ओहोटीतला बर्गर

आरोंद्याच्या जेटीवर रोशेलने बर्गरची गाडी लावली त्याला वर्ष होत आलं, पण तिचे सासरे आंतोन यांनी एक घासही कधी तोंडात घातला नव्हता. कोळंबीचं कटलेट रव्यात घोळून तव्यावर खरपूस करायचं, ते पोदेराच्या, म्हणजे गावच्या पाववाल्याच्या, पावात घालायचं आणि वर कोकमाच्या आगळात मुरवलेला कांदा. गिऱ्हाइकं बोटं चाटत. सासरे म्हणत, "पावात कोंबलेला ता काय जेवान न्हय," आणि उठून जात.

त्या दुपारी मात्र तेच तिला होडीतून पलीकडे सोडायला निघाले. पलीकडच्या एका रिसॉर्टमध्ये वाढदिवस होता. तिथला मॅनेजर प्रीतम म्हणाला होता, "पाहुण्यांना आवडले, तर दर शनिवारी मागवू." बर्गरचा डबा मांडीवर धरून रोशेल पुढे बसली. निघायच्या गडबडीत सासऱ्यांनी मधुमेहाची गोळी घेतली आणि जेवण तसंच राहिलं, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

खाडीच्या मध्यावर इंजिन गचका खाऊन बंद पडलं.

"काय झाला, पप्पा?"

"पंख्यात जाळा अडाकला." आंतोननी नांगर टाकला. पण तळाला नुसता चिखल; नांगर धरेना. ओहोटी लागलेली. होडी आडवी होऊन खाडीच्या मुखाकडे सरकायला लागली. तिथे लाटा फुटत होत्या, त्यांची घरघर आता इथवर ऐकू येत होती.

आंतोन कोयती घेऊन मागे वाकले, आणि तसेच थांबले. कोयती हातात थरथरत होती. कपाळावर घामाचे थेंब.

"पप्पा, जेवलात?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. गोळी घेतलेली आणि पोट रिकामं; साखर उतरली, हे रोशेलने ओळखलं. तिने डबा उघडला आणि एक बर्गर त्यांच्यापुढे धरला.

"गिऱ्हायकाचो माल तो. ठेव."

"खावा म्हणतंय मी!" ती ओरडली. सासऱ्यांवर आवाज चढवायची तिची ही पहिलीच वेळ. तिने कोयती काढून घेतली आणि पाव त्यांच्या ओठांशी नेला.

ते खाऊ लागले. आधी नाइलाजाने, मग अधाशासारखे. आगळ हनुवटीवरून ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही. रोशेल वल्ह्याने पाणी मागे लोटत राहिली. हात भरून आले तरी किनारा दूरच चालला होता. तिने पाहिलं, तर सासऱ्यांनी आपल्या हाताने दुसरा उचलला होता.

"तूय खा," ते म्हणाले. आवाजात जीव आला होता. "वल्ह्याक जोर होयो."

खारट झालेल्या हाताने तिने घास घेतला. कटलेट गार झालेलं, पाव दबलेला. पण तिला वाटलं, एवढं चवदार आपल्या हातून कधी झालंच नव्हतं.

मग आंतोन कोयती घेऊन पुन्हा वाकले. या वेळी ती थरथरली नाही. जाळ्याचा गुंता तुटून पाण्यावर तरंगला. इंजिनाची दोरी ओढली, तर नुसती खरखर. पुन्हा ओढली. लाटांचे तुषार अंगावर यायला लागले होते, तेव्हा कुठे इंजिनाने आवाज धरला.

रिसॉर्टच्या एसी हॉलमध्ये पोचायला उशीर झाला. पांढऱ्या बशांत मांडलेले बर्गर पाहुण्यांनी मोबाइल बघत अर्धे अर्धे खाल्ले.

"ठीक आहेत," प्रीतम म्हणाला. "पण तुमच्या गाडीवर खाल्ला होता तसा नाही लागला. बाकीचं फोनवर सांगतो."

कोपऱ्यात उभं राहून रोशेलने एक खाऊन पाहिला. तोच कांदा, तेच आगळ, आणि जिभेवर काहीच नाही. उरलेले गुंडाळून ती होडीकडे आली.

"मॅनेजर काय म्हणालो?"

"फोन करतलो."

आंतोननी बर्गर मागायला हात पुढे केला. "हाड एक."

त्यांनी सावकाश चावून पाहिलं. "मगाशी जास्ती बरो लागलो."

"मगाशी तुमी मराक टेकलेलात, म्हणान."

"तूय टेकलेलं." ते हसले आणि उरलेला बर्गर त्यांनी संपवला.

इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं. तरीही आरोंद्याचा काठ येईपर्यंत रोशेलने होडीची कड सोडली नाही, आणि आंतोननी कोयती हाताशीच ठेवली.