तिला म्हणजे कोणाला?

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या शाळेत एडिथ थॅक्रे बाईंनी चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं. सर्वनामांच्या धड्याला त्यांचा एक नियम असे. माणूस समोर बसलेला असताना त्याला नुसतं 'तो', 'ती' म्हणायचं नाही, नाव घ्यायचं. चुकणाऱ्याला उभं करून त्या ते नाव वदवून घेत.

आता एक्क्याऐंशीव्या वर्षी त्या स्वतःच्याच स्वयंपाकघरात बसल्या होत्या आणि भाचा क्लाइव्ह त्यांना वृद्धाश्रमात पाठवायला निघाला होता. म्हणे काळजी. डोंबलाची काळजी, डोळा सगळा घरावर. बाई एकट्या राहू शकतात का, हे ठरवायला नगरपालिकेची मॉरीन हेपवर्थ फॉर्म घेऊन आली होती. बाईंचीच विद्यार्थिनी, तेव्हाही मठ्ठच.

"ती गॅस बंद करते का?" मॉरीनने क्लाइव्हला विचारलं.

"कुठलं! परवाच तिनं पातेलं जाळलं."

पातेलं जाळलं होतं क्लाइव्हने, अंडी उकडताना. बाई गप्प राहिल्या. समोर असून नाव न घेता नुसतं 'ती' म्हणायला त्या काय घरातली मांजर होत्या?

"तिला ऐकू येतं ना?"

"मनात आलं तर."

मॉरीनने लिहिलं, 'प्रतिसाद नाही'. बाईंना ते समोरून उलटं दिसत असूनही वाचता आलं. आपल्याच या तोऱ्यापायी घर जाणार होतं. बरं, यांना आता कोण शिकवणार? आपणच.

"मॉरीन, उभी राहा."

साठीची मॉरीन ताडकन उठली. फॉर्म खाली पडला.

"कोणाबद्दल बोलतेयस?"

"मिस थॅक्रेंबद्दल, बाई." तिचे कान लाल झाले होते.

"मग विचार मिस थॅक्रेंना."

मॉरीनने खुर्ची क्लाइव्हकडून वळवून बाईंसमोर घेतली आणि आधीचं लिहिलेलं खोडलं. "मिस थॅक्रे, गॅस तुम्ही बंद करता?"

"रोज. पातेलं यानं जाळलं. अजून काळं आहे, बघ. अंडीही यानंच खाल्ली."

"अहो, पण तिला काही आठवत..." क्लाइव्ह मध्येच म्हणाला.

मॉरीनने पेन थांबवलं. "तिला म्हणजे कोणाला? नाव घ्या."

क्लाइव्ह खाली बघत पुटपुटला, "एडिथ आत्याला."

मॉरीनने 'एकट्या राहू शकतात' यापुढे खूण केली. बाईंनी तिला चहा ओतला, साखर किती ते विचारून. क्लाइव्हच्या कपाकडे त्यांनी पाहिलंही नाही.