मळी आणि मळई

संघरत्नाचं माहेर मुरबाडच्या पलीकडे, एका लहान नदीच्या काठी. मे महिन्यात लग्न होऊन ती शहापूर तालुक्यात आली. इथेही दाराशी नदी होती, पण तिच्या वरच्या अंगाला धरण. पाऊस, लावणी, कापणी यांतच दिवस गेले आणि नदीकडे उतरायची वेळ तिच्यावर आली नाही.

जानेवारीत एके सकाळी सासू चंद्राबाई शेजारच्या देवजीच्या खळ्यावर भाताच्या झोडणीला निघाली. निघताना तिने सुनेला मळीतल्या वालाच्या शेंगा तोडून आणायला सांगितलं.

मळी कुठली, हे संघरत्नाने विचारलं नाही. पाणी ओसरलं की नदीच्या पात्रात गाळाचा जो पट्टा उघडा पडतो, त्याला तिच्या माहेरी मळी म्हणत. एकदा उघडी पडली की पुढच्या पावसापर्यंत ती कोरडीच. ती टोपली घेऊन खाली गेली, काठावरच्या कुंपणाच्या शेताला वळसा घातला आणि नदीच्या वळणापलीकडे घोटाभर पाण्यातून गाळाच्या पट्ट्यावर चढली. तिथे वाल होताच. ती तोडायला लागली.

थोड्या वेळाने लांब कुठेतरी भोंगा वाजला. एखाद्या कंपनीची पाळी सुटली असेल, असं तिला वाटलं.

टोपली अर्धी भरली तेव्हा तिने मागे बघितलं. आली ती वाट दिसेना. घोटाभर पाणी होतं तिथून आता गढूळ लोंढा चालला होता. ती दुसऱ्या बाजूला धावली, तर तिकडे मुळातच खोल. पोहता तिला येत नव्हतं. तिने हाका मारल्या, पण काठावर दाट करंजाची झाडी आणि पलीकडे माणूस नाही.

तिने नवऱ्याला फोन लावला. प्रणय आसनगावला कंपनीत होता, मागे मशीनचा आवाज येत होता.

"अहो, मी मळीत अडकलेय. पाणी चढतंय."

"मळीत?" प्रणय हसला. "मळीत पाणी येतच नाय गो. धरण भरलं तरी येत नाय. वर चालत जा सरळ."

वर जायला वाट नाही, हे ती सांगेपर्यंत त्याने फोन ठेवला होता. तिने परत लावला, त्याने उचलला नाही. पट्ट्याच्या कडेचे वेल पाण्यात लोळू लागले. ती सरकत सरकत मधोमध येऊन उभी राहिली. पुन्हा लावला, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "साहेब समोर उभा आहे. घाबरू नको, आईला पाठवतो."

त्याने देवजीला फोन केला. आईला मळीत पाठव, हिला कशाचीतरी भीती वाटली आहे, एवढंच सांगितलं. चंद्राबाई देवजीचा फोन हातात घेऊन खाली आली आणि तिने सुनेला फोन लावला.

"कुठं हायस गो?"

"मळीत, आई."

"मळीत तर मी उभी हाय."

चंद्राबाईच्या समोर कुंपणाचं शेत होतं, वाल होता, आणि माणूस नव्हतं. मग तिने विचारलं, "पायाखाली काय हाय तुझ्या?"

"ओली रेती. आता पाणी लागलं पायाला."

"अगो, ती मळई," चंद्राबाई म्हणाली आणि तिचा आवाजच बदलला. "हलू नको. बसू पण नको. आमी येतो."

त्या गावात मळी म्हणजे काठावरची, पुराच्या गाळाने पिढ्यान्‌पिढ्या उंच झालेली जमीन. मळई म्हणजे पात्रातला गाळ. भोंगा वाजवून धरणातून पाणी सोडलं की ती कधीही बुडते. कुणीतरी आशेने तिथे वाल टाकतं, राहिला तर राहिला.

चंद्राबाईच्या हाकेसरशी देवजी मासे धरताना वापरायची टायरची ट्यूब घेऊन धावत आला आणि झाडाला दोर बांधून पाण्यात उतरला. तो पोहोचला तेव्हा पाणी संघरत्नाच्या मांड्यांपर्यंत होतं. तिची बोटं टोपलीच्या काठाला अशी आवळली होती, की ती त्याला सोडवावी लागली.

संध्याकाळी प्रणय आला. शेजारी ओटीवर जमले होते. मळीत बुडालेली पहिली बाई, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. प्रणयही हसला. आपली भाषा नीट येईपर्यंत तिने नदीकडे जायचं नाही, असं त्याने सगळ्यांदेखत ठरवून टाकलं.

माणसं गेल्यावर संघरत्ना म्हणाली, "शब्द माझा चुकला. पण पाणी चढतंय, हे पण मी सांगितलं होतं."

प्रणयने टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो मोरीत गेला. चंद्राबाई चुलीपुढे होती. तिने सगळं ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

त्यानंतर शेंगा चंद्राबाईच आणू लागली. संघरत्ना घरात राहायची. झाडलोट, भाकरी, पुन्हा झाडलोट. दार उघडंच असायचं, आणि उंबऱ्यातून नदी दिसायची. मार्चमध्ये एकदा स्वयंपाकघरात साप निघाला. फोन तिच्या हातातच होता. तिने नवऱ्याला लावला नाही. फळीवर चढून, भिंतीला पाठ लावून, सासू येईपर्यंत ती तशीच उभी राहिली.