कानबाईचा होकार

मित्रांनो, मी एक जुना नारळ आहे. लोक मला देवी म्हणतात, पण माझा जन्म मला ठाऊक आहे. धुळ्याच्या बाजारात उखाच्या आईने मला ढिगातून निवडले, चांदीचे डोळे बसवले, नथ घातली आणि श्रावणातल्या रविवारी चौरंगावर मांडून माझी कानबाई, म्हणजे खानदेशची देवी, केली. पुढे उखा यंत्रमागावर कामाला सुरतेत, उधन्याला आला. मीही पितळी डब्यात बसून आलो.

होता होता माझे पाणी आटले, आतला खोबऱ्याचा गोटा सुटला. हलवले की खुळखुळतो. उखाची बायको सरलाबाई त्यालाच कानबाईचा होकार मानायची. मला कानाशी धरून विचारायची. मी वाजलो की तिचा जीव भांड्यात पडायचा. खोटे कशाला बोलू, त्या मानामुळे मीही फुगलो होतो.

सुरतेतल्या प्लेगला दोन वर्षे झाली होती. कानबाई बसायच्या आदल्या दिवशी लहानग्या योगिताने आईला विचारले, "कानबाई कुठून आली?"

"सूर्यनारायणनी राणी शे ती. त्याना घरथीन उनी."

पोरीने मला निरखले आणि शाळेतल्या गुजरातीत म्हणाली, "मम्मी, आ तो नाळियेर छे!" हा तर नारळ आहे! त्या घरात खरे बोलली ती एकटीच. सरलाबाईने तिच्या तोंडावर चापट मारली.

रविवारी सकाळी योगिता तापाने फणफणली.

"पोरले दवाखानामा लई जाऊत," उखा म्हणाला.

"कानबाई कोपनी," सरलाबाई रडू लागली. तिने मला कानाशी धरले. "माय, आज तुले बसाडस. उद्या तू उठनी की पोरले लई जासू. चाली ना?"

आत्ताच ने, असे मला ओरडायचे होते. पण नारळाला तोंड कुठले? भीतीने तिचे हात कापत होते, म्हणून मी आणखीच वाजलो.

सोमवारी कानबाई उठायची, म्हणून मला वाजतगाजत तापीवर नेले, न्हाऊ घालून परत आणले. मग योगिताला रिक्षात घातले. संध्याकाळी नवराबायको दोघेच घरी आले.

पुढच्या श्रावणात डबा उघडला. आता ही मला दगडावर आपटणार, असे वाटले. मित्रांनो, मी वर्षभर त्याचीच वाट पाहत होतो. पण तिने मला पुसले, नथ घातली आणि कानाशी धरले.

"माय, मनी योगिता तुनाजोडे शे ना?" गेलेली लेक माझ्याजवळ आहे ना, एवढेच तिला विचारायचे होते.

तिचे हात अजून कापतात. मी वाजलो, आणि ती कितीतरी महिन्यांनी हसली.

मित्रांनो, देव जरूर जपा. पण घरात कोणाला ताप आला, तर आम्हाला विचारत बसू नका. आम्ही होच म्हणतो.