खालच्या गावाची दुलई

वरच्या गावात राहणाऱ्यांना एक खोड असते, खालच्यांचा हेवा करायची. सुतारालाही ती होती. हिवाळ्यातल्या सकाळी चहाचा कप घेऊन तो ओसरीच्या कठड्याशी उभा राही. खालचं गाव पांढऱ्याशुभ्र धुक्यात बुडालेलं असे, एकही छप्पर दिसत नसे. "बघ, खालच्यांनी दुलई ओढलीय. मजा आहे लेकांची!" तो बायकोला म्हणे. सगळं वरचं गाव हेच म्हणायचं. खाली जायचं ते बाजाराला, आणि तेही दुपारच्या बसने. तोवर धुकं विरलेलं असे, आणि बसमधून उतरताच स्वेटर काढून काखेत मारावा लागे. दुलईच्या आत काय चाललंय ते बघायला पहाटे उठून कोण जातो?

सुताराच्या बायकोला दमा होता. पावसाळ्यात वर ढग थेट घरात शिरत, भिंतींना ओल येई आणि तिची छाती भात्यासारखी वाजत राही. "गारठ्यापासून जपा," डॉक्टर म्हणाले. सुताराचा स्वभाव एक घाव दोन तुकडे. खालच्या गावातला एक शिंपी त्याच्या ओळखीचा होता. एका दुपारी सुतार त्याच्या अंगणातल्या उन्हात जाऊन बसला आणि म्हणाला, "घरांची अदलाबदल करायची का?"

शिंपी हो म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला, की शहाण्या माणसाला शंका आली असती. सुताराला मात्र देव पावल्यासारखं झालं. बायकोला त्याने सगळं ठरल्यावर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही बघितलंय ना नीट?"

सुरुवात बरी झाली. ती अंगणात बसून भाजी निवडू लागली, एकदा तर शेजारणीबरोबर बाजारातही जाऊन आली. मग थंडी पडली. रात्री डोंगरावरचा गारठा पाण्यासारखा उतारावरून खाली येतो आणि वाटीसारख्या या गावात साचून राहतो. त्याला बाहेर पडायला वाट नाही. घराघरातल्या चुलींचा आणि वीटभट्ट्यांचा धूर त्यातच अडकतो. वरून दुधासारखं दिसणारं ते धुकं आतून मळकट होतं, आणि ओठांवर जीभ फिरवली की राखेची चव यायची. सुतार दारं-खिडक्यांच्या फटी लाकडाच्या पट्ट्या मारून बुजवत सुटला. पण बाहेरचं आत यायचं थांबेना. बायकोला आता आडवं होता येईना. उशीवर हात टेकून ती बसूनच झोपे.

एका सकाळी त्याला राहवलं नाही. तिला शेजारणीच्या हवाली करून तो पायीच चढ चढू लागला. अर्ध्या घाटात धुकं एकदम संपलं, वर निळं आभाळ होतं आणि पाठीला ऊन लागत होतं. आपल्या जुन्या घराशी पोचेपर्यंत त्याला घाम फुटला होता.

त्याच्याच ओसरीवर, त्याच्याच हातच्या खुर्चीत, शिंप्याची म्हातारी आई पाय पसरून बसली होती. खालच्या गावात असताना सुताराने तिला पाहिलं होतं. चार शब्द बोलायचे तर तिला तीनदा थांबावं लागे. आज ती शेजारच्या घरातल्या सुनेला भरभरून नावं ठेवत होती.

"तुला माहीत होतं," सुतार शिंप्याला म्हणाला.

"होतं. आईपायी दर हिवाळ्यात जीव मुठीत धरून काढलाय मी."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर घर दिलं असतंस?"

सुताराने म्हातारीकडे पाहिलं. तो भांडायला आला होता. शेवटी त्याने मागची खोली मागितली.

"आजच घेऊन ये वहिनींना. दोघी बसतील उन्हात," शिंपी म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

सुतार उतार जवळजवळ धावतच उतरला. वाटेत त्याने ठरवूनही टाकलं, की खाट पूर्वेच्या खिडकीशी लावायची. घराच्या दारात डॉक्टर बॅग बंद करत उभे होते. शेजारणीने त्यांना बोलावून आणलं होतं.

"वर नेतोय मी तिला. आजच," सुतार म्हणाला.

"आता नाही नेता येणार," डॉक्टर हळूच म्हणाले. "छातीत काही उरलं नाहीये. घाटाची दोन वळणंसुद्धा निघायची नाहीत. जवळ बसा तिच्या."

तो आत गेला. ती भिंतीला टेकून बसली होती. ओठ काळेनिळे पडले होते.

"वर... गेला होतात?"

"हो."

"ऊन होतं?"

"होतं."

ती बराच वेळ नुसता श्वास गोळा करत राहिली. "आणि आपलं गाव... कसं दिसत होतं वरून?"

सुताराने तिचा हात हातात घेतला. तो गार होता.

"दुलई ओढल्यासारखं," तो म्हणाला.

"उबदार?"

"हो," सुतार म्हणाला. "खूप."