माझे बत्तिसावे पान

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या फळीवर, पाठीला चिकटपट्टी लावलेला जो जुना अंक दिसतो ना, तो मी. माझ्या मासिकाचे नाव ‘छोटे रूळ’. खेळण्यातल्या आगगाड्या जमवणाऱ्या, बनवणाऱ्या आणि त्यांच्यापायी घरच्यांची बोलणी खाणाऱ्या मोठ्या माणसांचे हे मासिक. हो, मोठ्या माणसांचे! तुम्हाला वाटत असेल, गाड्यांशी खेळणे हा तुमचाच हक्क आहे. तसे काही नाही. केस पिकले तरी हा नाद सुटत नाही, हे मी माझ्या पाच वाचकांवरून छातीठोकपणे सांगतो.

माझा जन्म एका अरुंद छापखान्यात झाला. यंत्रात कोरा शिरलो आणि शाईचा वास अंगाला लावून बाहेर पडलो. एका बाईंनी मला घडी घातली आणि पाठीत दोन पिना मारल्या. दुखले, खोटे कशाला बोलू? मग चष्म्याला दोरी बांधलेले आमचे संपादक आले. त्यांनी मला तपकिरी कागदात गुंडाळले आणि स्वतःच्या हाताने पत्ता लिहिला. आमच्या संपादकांचा उत्साह असा, की लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा ते छापखान्यातच सापडत.

टपालाने मी पोहोचलो तो एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानात. दुकानामागे एक लांबट खोली होती. खोलीभर एकच टेबल आणि टेबलभर रूळ. बोगदे, पूल, सिग्नल, नखाएवढे दिवे, सगळे काही होते. दर रविवारी सकाळी पाच जणांचे मंडळ तिथे जमे. दुकानाचे मालक घड्याळजी, दातांच्या डॉक्टरीणबाई, रंगकाम करणारे दोघे भाऊ आणि तीस वर्षे बस चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका.

पाच जणांत अंक मात्र एकच. हे काही कंजूषपणाने नव्हे हं! एकाने वाचायचे, समासात पेन्सिलीने आपले मत लिहायचे आणि पुढच्याला द्यायचे, यातच त्यांची सगळी गंमत होती. पाचव्याच्या हाती अंक पडे तेव्हा त्यात छापलेल्यापेक्षा लिहिलेलेच जास्त असे. “हा डिंक टिकत नाही, मी फसलो आहे” असे कुणी लिही, तर खाली दुसरा लिही, “तुम्ही कशानेही फसता.”

मंडळाचे नियम कडक होते. अंकातला नकाशा पातळ कागद ठेवून गिरवायचा, अंकाला कात्री लावायची नाही. शेवटच्याचे वाचून होईपर्यंत अंकात काय आहे याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि आधी कोणी वाचायचे, हे शर्यतीने ठरवायचे. प्रत्येकाच्या इंजिनाने टेबलाला पाच फेऱ्या मारायच्या. जो पहिला येईल तो पहिला वाचेल.

घड्याळजी नेहमी पहिले येत. त्यांचे इंजिन वाऱ्यासारखे पळे. ड्रायव्हरकाका नेहमी शेवटचे. त्यांची गाडी वळणावर हळू होई आणि प्रत्येक स्टेशनावर थांबे. शर्यतीतसुद्धा! बाकीचे पोट धरून हसत.

“अहो काका, कोण उतरतंय तिथे?” डॉक्टरीणबाई विचारत.

“उतरू द्या की त्यांना सावकाश,” काका म्हणत, आणि घड्याळाचा काटा बघून गाडी सोडत.

माझ्या वेळीही तसेच झाले. घड्याळजी जिंकले आणि मला घेऊन घरी गेले. माझ्या एकतिसाव्या पानावर एका स्टेशनाचा नकाशा होता, अगदी खऱ्या मापाचा. कमानी, तिकीटखिडकी, उतरते छप्पर. तो पाहिल्यावर घड्याळजींचे भानच हरपले. पातळ कागद शोधला, तो संपलेला. दुकाने बंद. सकाळपर्यंत थांबवेना. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेचा हिशेब शिकवणारा हा माणूस, पण त्याला एका रात्रीचा धीर धरता आला नाही. त्यांनी कात्री घेतली आणि ते पान माझ्यापासून वेगळे केले. पान उलटून पाहिलेसुद्धा नाही. नकाशाला मागून खळ लावली, पुठ्ठ्यावर चिकटवला, भिंती कापल्या आणि घड्या घातल्या.

मी ओरडू शकत नव्हतो, मित्रांनो. ओरडता आले असते तर सांगितले असते, की मागे बत्तिसावे पान आहे, तिथे वाचकांचे पत्र आहे आणि ते पत्र ड्रायव्हरकाकांचे आहे.

काका सहा वर्षे संपादकांना पत्रे लिहीत होते. एकही छापले गेले नव्हते. हे फक्त काकूंना ठाऊक होते. आणि त्या महिन्यात संपादकांचे कार्ड आले होते, “आपले पत्र या अंकात छापत आहोत.” काकांनी ते कार्ड खिशात ठेवले आणि मंडळात कुणालाही सांगितले नाही. मित्रांनी ते आपसूक वाचावे, ही त्यांची हौस. स्वतः वाचायची पाळी तर सगळ्यात शेवटी.

पुढच्या रविवारी घड्याळजींनी टेबलावर नवे स्टेशन मांडले. काय देखणे होते म्हणून सांगू! ज्या पानाचे ते झाले होते ते पान माझे होते, तरी मीही बघतच राहिलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या, पण त्यांचे डोळे घड्याळजींच्या चेहऱ्यावर होते. नियम म्हणून तोंडाने बोलणार नाहीत हे ठीक, पण निदान पाठीवर एक थाप? निदान एक हसरी नजर? काही नाही. दुसऱ्या रविवारी डॉक्टरीणबाईंचे वाचून झाले होते. त्यांनी माझ्या समासात “मधले पान कुठे गेले?” असे लिहिले होते, पण नियमापायी तोंडाने विचारले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरही काही दिसेना. तिसऱ्या रविवारी दोघे भाऊ वाचून मोकळे झाले होते. तेही गप्प.

त्या दिवशी खेळ संपल्यावर काकांनी आपले इंजिन पेटीत भरले, मला काखेत मारले आणि ते लवकर निघाले. घरी आल्यावर काकूंना म्हणाले, “मी पुढच्या रविवारपासून जाणार नाही.”

“का हो? काय झालं?”

“सगळ्यांनी वाचलं. कुणाला काहीच वाटलं नाही. उगाच लिहिलं मी. म्हातारचळ लागला.”

“आधी बघू तरी द्या,” काकू म्हणाल्या. त्यांनी मला उघडले. तिसाव्या पानानंतर थेट तेहेतिसावे पान आले. मध्ये कात्रीने कापलेली एक पट्टी तेवढी शिल्लक होती. काकांनी ती पट्टी बोटाने चाचपली, अनुक्रमणिका काढली, एकतिसाव्या पानावर काय होते ते वाचले आणि एकदम हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

“अगं, त्यांनी वाचलंच नाही! पत्र घड्याळजींच्या स्टेशनात गेलंय!”

“आणि तुम्ही हसताय? सहा वर्षं लिहिताय, एकदाचं छापून आलं, त्याचीही यांनी वाट लावली!” काकू चांगल्याच कडाडल्या. “रविवारी सांगा त्यांना.”

“छे. सांगितलं तर ते स्टेशन मोडतील. मी ओळखतो त्यांना. तू एक अक्षर बोलायचं नाहीस.”

काकूंनी मान डोलावली. पण ते मान डोलावणे कोणत्या प्रकारचे होते, हे मला तेव्हाच कळले.

रविवारी काका खुशीत मंडळात गेले आणि पाठोपाठ काकू खोलीत आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तिथे पाऊल टाकले नव्हते. त्यांनी मला टेबलावर ठेवले, संपादकांचे कार्ड माझ्यावर ठेवले आणि म्हणाल्या, “यांचं पत्र छापून आलं होतं. ते तुमच्या स्टेशनच्या भिंतीत आहे.”

घड्याळजींनी कार्ड वाचले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते उठले, गरम पाण्याचे भांडे आणि पातळ सुरी घेऊन आले आणि त्यांनी स्टेशन उचलायला हात पुढे केला. काकांनी दोन्ही हात त्या स्टेशनावर आडवे धरले.

“हात लावायचा नाही! असं स्टेशन आपल्या टेबलावर कधी झालं नाही.”

“अहो, पण पत्र?” डॉक्टरीणबाईंनी विचारले. “दुसरा अंक मागवू या का?”

“कशाला? मला पाठ आहे.”

आणि काका शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून उभे राहिले.

“संपादक महोदय,” ते म्हणू लागले, “आपण दर महिन्याला इंजिनाचा वेग कसा वाढवावा हे सांगता. माझी गाडी शर्यतीत नेहमी शेवटी येते, कारण मी स्टेशनावर थांबतो. फलाटावर कुणी नसते, हे मला माहीत आहे. पण तीस वर्षांत मी कुणालाही मागे टाकून बस सोडली नाही, ते आता कसे जमावे? आमच्या मंडळातले लोक मला हसतात. पण एक गोष्ट आपल्याला कळवावीशी वाटते. माझी गाडी येईपर्यंत त्यांच्यातला एकही जण आजवर जागचा उठलेला नाही. अशा माणसांबद्दल आपल्या मासिकात चार शब्द यावेत, म्हणून हे पत्र.”

दोघा भावांपैकी धाकटे खिडकीकडे तोंड करून नाक पुसू लागले. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले, कोरा कागद घेतला आणि इतकेच म्हणाले, “पुन्हा सांगा. सावकाश.” मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत त्यांनी सगळे पत्र उतरवून घेतले आणि माझ्या उरलेल्या पट्टीला तो कागद चिकटवला.

पुढच्या महिनाभरात मी पाचही घरांत दुसऱ्यांदा फिरलो. असा मान माझ्या भावंडांपैकी कुणालाही मिळालेला नाही. परतलो तेव्हा पत्राच्या समासात पेन्सिलीच्या ओळी होत्या. डॉक्टरीणबाईंनी लिहिले होते, “वाचले. यापुढेही उठणार नाही.” घड्याळजींनी एकच शब्द लिहिला होता, “चुकलो.” त्याच्याखाली काकांचे अक्षर होते, “स्टेशन छान झाले आहे.”

त्यानंतर नवे अंक आले, आणि मी खालच्या फळीवर गेलो. कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवला, कुणी खिळे ठेवले. कडा पिवळ्या पडल्या, एक पीन गंजली. वाईट वाटते, नाही असे नाही. रद्दीत जायचीही भीती वाटते. पण अजून कधीतरी कुणी मला उघडते आणि ते पान मोठ्याने वाचते.

मित्रांनो, तुम्हीही चित्रे कापाल, नकाशे चिकटवाल. कागद असतोच त्यासाठी. माझा त्यावर राग नाही. माझे मागणे एवढेच आहे, की कात्री लावण्याआधी एकदा पान उलटून बघा. मागच्या बाजूला कुणीतरी तुमच्याबद्दलच चांगले लिहिलेले असेल.