वखारीतला उंदीर

राजेश्वरीनं फ्रीजरमधून डबा काढला, झाकण उघडलं आणि आतली पिशवी ओट्यावर आपटली. बर्फानं कडक झालेले चार पांढरे उंदीर एकमेकांना चिकटून पडले होते.

"हे मटाराशेजारी ठिवलंस तू?"

"झाकण लावून ठेवलं होतं, अक्का. डबा तुमी उघडलाय," पल्लवी म्हणाली.

"माझ्या घरातला डबा उघडाय तुझी परवानगी काढू व्हय?"

"ह्याच फ्रीजरात कोंबडी ठेवता की. ती चालते?"

"कोंबडी आमी खातो. उंदीर तू खातीस का?"

आवाज ऐकून सासू साळूबाई आल्या, पिशवीकडे बघून त्यांनी पदर नाकाला लावला. थोरल्या सुनेची बाजू घेतल्याशिवाय त्यांना करमत नसे, आज तर कारणही मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घंटागाडीत गेली.

पल्लवी लग्न होऊन माधवनगरच्या या घरात आली तेव्हा अजगर तिच्याबरोबरच आला होता. आफ्रिकेतल्या जातीचा, बुटका, जाडसर, बिनविषारी. नोंदणीचे कागद होते. बघण्याच्या कार्यक्रमातच तिनं सांगितलं होतं, तेव्हा सगळे हसले. नवरा मुलगा विश्वजीत तर म्हणाला होता, "मला पण आवडतात प्राणी." पोरगी थट्टा करते असंच सगळ्यांना वाटलं असावं. काचेची पेटी टेम्पोतून उतरली तशी राजेश्वरी मागच्या मागं घरात गेली होती आणि त्या दिवसापासून तिनं जावेशी गोड शब्द काढला नव्हता. पल्लवीही कमी नव्हती. टोमण्याला टोमणा परतवल्याशिवाय ती राहत नसे.

पल्लवी सांगलीत जनावरांच्या औषधांच्या दुकानात कामाला होती. मिरजेच्या एका माणसाकडून ती उंदीर आणायची. तो पांढरे उंदीर पैदाशीला ठेवायचा, धान्य घालायचा आणि मारून, गोठवून द्यायचा. पल्लवी प्रत्येक उंदीर हातात घेऊन बघायची. अजगराचं पोट जिथं सगळ्यात जाड, तेवढाच उंदीर जाड हवा. त्याहून मोठा गिळला तर अजगर ओकून टाकतो, फारच लहान असला तर त्याचं भागत नाही. मग घरी तो थंड जागीच हळूहळू वितळू द्यायचा, कोमट पाण्यात ऊब आणायची आणि लांब चिमट्यानं पुढे धरायचा.

या वेळी मिरजेच्या माणसाकडं एक तर डोळेसुद्धा न उघडलेली पिल्लं होती, नाहीतर बोक्यासारखे माजलेले नर. "पुढच्या आठवड्यात बघा," तो म्हणाला. पल्लवी रिकाम्या हातानं परतली. अजगर थोडे दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही, हे तिला ठाऊक होतं.

घरात मात्र त्या उपवासाचाही विषय झाला.

"आपल्या हळदीच्या वखारीत रोज उंदीर पिंजऱ्यात घावत्यात," जेवताना विश्वजीत म्हणाला. "त्यातला एक घाल की. फ्रीजरचा वाद मिटंल."

"वखारीत तुमीच विष ठेवता. ते खाल्लेला उंदीर घातला तर साप मरंल."

"विष आता न्हाई ठेवत."

"शेजारच्या गाळ्यात ठेवत्यात न्हवं? आणि जित्ता उंदीर चावतो. रानातला अजगर पळून तरी जाऊ शकतो. पेटीत कुठं जाईल?"

"उंदराला भिणारा अजगर!" राजेश्वरी भाकरी मोडत म्हणाली. "असला साप तरी कशाला पाळायचा?"

साळूबाई हसल्या. विश्वजीतही हसला. पल्लवीनं ताट अर्धवट सोडलं.

गुरुवारी दुपारी दुकानात तिला फोन आला. राजेश्वरीचा. ही बाई आपल्याला कधी फोन करत नाही, म्हणजे काहीतरी मोठंच असणार, हे तिनं ओळखलं.

"घरी ये. तुझा साप रक्तानं भरलाय."

पल्लवी गाडी पळवत घरी आली. पेटी उघडी होती. कोपऱ्यात अजगर घट्ट वेटोळं करून पडला होता आणि पाठीवर बोटभर लांबीची जखम होती, आतलं मांस दिसत होतं. खाली फरशीवर काळपट, जाडजूड उंदीर मरून पडला होता. राजेश्वरी भिंतीला टेकून उभी होती, हाताला फडकं गुंडाळलेलं.

"केलंत शेवटी मनासारखं!" पल्लवी ओरडली. "एवढं वैर हुतं तर रस्त्यावर टाकायचा. हाल कशाला केले त्याचे?"

"तोंड सांभाळ," राजेश्वरी म्हणाली. "मला घालायचा असता तर तुझ्यासमोर घातला असता. मी लपून काय करत न्हाई. तुझ्या नवऱ्याला इचार. पिंजरा घेऊन सकाळी तोच आला हुता."

पल्लवी पेटीजवळ खाली बसली.

"पेटीत धडपड ऐकू आली म्हणून गेले. उंदीर त्याच्या पाठीवर बसून कुरतडत हुता आन हा नुसता अंग चोरत हुता. तुझ्या चिमट्यानं वडून काढला, तवा मला चावला. तिथंच ठेचला त्याला." तिनं हातावरचं फडकं आवळलं. "मला तुझा साप नकोच हाय. पर जित्त्या जिवाला कुणी कुरतडावं आन आपण बघत बसावं, हे मला जमत न्हाई."

आभार मानायला पल्लवीची जीभ उचलेना. "हाताला इंजेक्शन घ्याय लागंल," एवढंच ती म्हणाली.

अजगर कापडी पिशवीत घालून, पिशवी खोक्यात ठेवून दोघी निघाल्या. गाडी पल्लवीनं चालवली. खोकं धरायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून राजेश्वरीनं ते मांडीवर घेतलं, तोंड दुसरीकडे फिरवून. आधी सरकारी दवाखाना झाला, मग जनावरांचा. डॉक्टरांनी जखम धुतली, टाके घातले. जगेल म्हणाले.

संध्याकाळी विश्वजीत आला, तेव्हा पल्लवी दारातच बसली होती.

"मला वाटलं, खाईल गपकन," तो म्हणाला. "रोजच्या तुमच्या भांडणाला कटाळलो हुतो. एकदा खाल्ला असता, तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती."

"मी न्हाई म्हणून सांगितलं हुतं."

"आगं, साप हाय तो. सापासाठी एवढं?"

"सापाचं सोडा. माझं बोलणं तुमी ऐकलं, वर हसलात आणि मी कामाला गेल्यावर तेच केलं. अक्का तोंडावर शिव्या देतात. त्यांच्याशी मला भांडता येतं. तुमच्याशी कसं भांडायचं, सांगा."

विश्वजीतनं आईकडे पाहिलं. साळूबाई म्हणाल्या, "बाप्या माणसानं एक उंदीर टाकला तर काय आभाळ कोसळलं?" राजेश्वरी आत भांडी घासत होती.

रविवारी पल्लवीनं दुकानाजवळ एक खोली घेतली आणि पेटी टेम्पोत चढवली. राजेश्वरी उंबऱ्यापर्यंत आली.

"बरं झालं जातीयास," ती म्हणाली. "फ्रीजर तरी मोकळा झाला."

"तुमचा हात?"

"भरून येतोय. जा आता."

जखम सुकायला बरेच आठवडे गेले. तोवर अजगरानं दोनदा उंदीर नाकारला. तिसऱ्यांदा पल्लवीनं बेताचाच, आधीपेक्षा लहान उंदीर निवडून चिमट्यानं धरला. बराच वेळ तो जीभ काढून हुंगत राहिला, मग एकदम झेपावला.

विश्वजीत दर रविवारी येतो. पल्लवी त्याला खुर्ची देते, चहा देते. इथंच राहू का, हे विचारायचं त्याच्या ओठांवर येतं, पण तिचा चेहरा बघून तो कप खाली ठेवतो आणि उठतो.