खिळ्यावरचा नान

टक, टक, टक.

पहाटेच्या गप्प घरात ठशाचा आवाज आला आणि बॅगेची चेन ओढणारा ओयदिनचा हात थांबला. बाहेर तंदुराशेजारी तिच्या सासूबाई पिठाच्या गोळ्यावर खिळ्यांचा ठसा मारत होत्या. नान कालच भाजून झाले होते, फडक्याखाली चिक्कार शिल्लक होते. मग आज हा एकच कुणासाठी? तिने चेन पूर्ण ओढली.

दारात द्राक्षाच्या वेलीची पानं पिवळी पडून गळत होती, आणि बॅगेत तळाशी लेकीचे, मुनिसाचे, उन्हाळी फ्रॉक होते. तीन दिवस माहेरी जाऊन येते, असं तिने घरात सांगितलं होतं. परत यायचं नाही, हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती अंगणात आली तेव्हा नान तंदुरातून निघाला होता. सासूबाईंनी, सालोमत-आईंनी, तो पदरावर घेऊन फुंकला आणि पुढे धरला.

"घे. चाव."

"तीन दिवसांसाठी कोण चावतं, आई?"

"तोलिबही एका हंगामासाठीच गेला होता."

तोलिब म्हणजे ओयदिनचा नवरा. रशियात बांधकामावर गेला त्या सकाळी त्याने चावलेला नान बैठकीच्या खिळ्याला, कापडी पिशवीत, चार वर्षं लटकत होता. जाणाऱ्याने एक घास घ्यायचा, उरलेला परतल्यावर त्यानेच संपवायचा. सासूबाई दर शुक्रवारी पिशवी उतरवून झटकत, आत डोकावत, पुन्हा अडकवत. मुनिसाने एकदा त्यावर बोट वाजवून पाहिलं होतं आणि "दगड झालाय" असं जाहीर केलं होतं.

वसंतात तोलिबचा फोन आला, तेव्हा मागे एक तान्हं रडलं. "शेजाऱ्यांचं आहे," तो म्हणाला. मग फोन बाजूला धरून त्याने जिभेने टॉक टॉक केलं. मुनिसा पाळण्यात होती तेव्हा तो अगदी असंच करायचा. ओयदिनने फोन मुनिसाच्या हातात दिला. सासूबाईही तेव्हा तिथेच बसून गाजरं चिरत होत्या. त्यांची सुरी थोडा वेळ थांबली होती, एवढंच.

ओयदिनने नानाचा कडेचा तुकडा हाताने मोडला आणि तोंडात टाकला.

"हाताने मोडलेला धरत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "तुला माहीत आहे."

"भूक नाही, आई."

"भुकेचं कोण बोलतंय, पोरी."

पण त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. नान फडक्यात गुंडाळून त्या मुनिसाचा हात धरून आत गेल्या.

टॅक्सीवाल्याची डिकी बंद होईना. तो बॅगेवर गुडघा रोवून म्हणाला, "आपा, माहेरी चाललात की घर उचलून?" ओयदिनने बॅगेचा कोपरा आत ढकलला. भिंतीजवळ कोंबड्या एका वाडग्यावर तुटून पडल्या होत्या. मुनिसा पळत आली. तिच्या हनुवटीला तीळ चिकटले होते. ओयदिनने ते ओल्या बोटाने पुसले. सासूबाई फाटकापर्यंत आल्या, नातीचं डोकं हुंगलं, सुनेच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि मागे सरल्या.

सरहद्दीवरच्या कारासूच्या पुलाआधी रांग होती. पुढे एक जाडजूड बाई विकायला न्यायचे तीन कोट एकावर एक घालून घामाघूम उभी होती.

"मावशी, एवढी थंडी वाजते?" शिपायाने विचारलं.

"तुझ्याकडे बघून वाजते रे. आईने जेवायला घातलं नाही का तुला?"

रांग हसली. शिपायानेही हसू दाबत तिला सोडलं. मग ओयदिनचा पासपोर्ट हातात घेतला.

"कुठे, आपा?"

"माहेरी. पलीकडे, आईकडे."

"परत कधी?"

उत्तर वाटेत दहादा घोकलेलं होतं. पण तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर उगाच सारखा केला.

"माहेरी निघालेल्या बाईला असं विचारतात होय?" मागून कुणीतरी म्हणालं.

शिपायाने खांदे उडवले. टक. शिक्का बसला.

खाली कालवा भरून वाहत होता. पलीकडच्या चौकीपाशीही अशीच रांग दिसत होती. मुनिसा कठड्याच्या गजांवरून बोट खडखडवत चालली होती. पुलाच्या मध्यावर तिला राहवेना.

"आई, आजीने बाबाचा नान उतरवला."

ओयदिनची पावलं मंदावली.

"पाण्यात भिजवला आणि कोंबड्यांना घातला. फुगला केवढा! आता त्या खिळ्यावर माझा आहे. मी एवढा मोठ्ठा घास घेतला." तिने तोंड उघडून दाखवलं. पुढचा दात परवाच पडला होता. "दात नाही तिथे जरा उरला. आजी म्हणाली, असू दे, ओळखू येईल."

"आणखी काय म्हणाली?"

"काही नाही. पूल संपल्यावर सांग म्हणाली." मुनिसाने पुढे पाहिलं. "थोडाच राहिलाय ना?"

मागून येणाऱ्या हातगाडीवाल्याने "पुढे, पुढे" केलं. ओयदिन कठड्याशी सरकली. गाडी गेली, वाट मोकळी झाली, तरी ती तिथेच उभी राहिली. बॅग तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग खाली ठेवली.

मुनिसाने तिची बाही ओढली.

"आई, तो दगड व्हायच्या आत आपण परत जाऊ ना?"